बंद तारेतला करंट

१

प्रेम जाधवला बंद तारेचा शॉक बसला, ही बातमी पुसदमध्ये पसरली तेव्हा बहुतेकांनी एकच शेरा मारला. बंद तार शॉक देत नाही. म्हणजे यानं ती बंद केलीच नसणार.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत खांबावरचा एक जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा छोटा तुकडा, ठिणग्या टाकत होता. कंत्राटी लाईनमन असलेला प्रेम सोमवारी भर दुपारी तो बदलायला चढला आणि अर्ध्या तासाच्या आत कंबरेच्या पट्ट्यावर लोंबकळताना लोकांना दिसला. चौघांनी शिडी लावून त्याला उतरवलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं राहतील की जातील, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

बुधवारी सकाळी प्रेमची बायको उज्ज्वला खेमसिंग राठोडांच्या दारात येऊन उभी राहिली. खेमसिंग सहा वर्षांपूर्वी फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. प्रेम त्यांच्याच हाताखाली खांबावर चढायला शिकला होता.

"काका, शुक्रवारी चौकशीचे साहेब येऊन राह्यले," ती म्हणाली. "यायनं लिवून द्यायचं ठरवलं, का चूक माहीच हाय. टेस्टर लावला नाई, अर्थिंग केलं नाई. तसं लिवलं तर काम बी जाईन अन् दवाखाना बी आपल्याच अंगावर."

"अन् तुले काय वाटते?"

"मले कायले इचारता? शिकवलं तुमी त्यायले."

खेमसिंग चपला घालून तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. प्रेमनं त्यांना पाहून भिंतीकडे तोंड केलं.

"टेस्टर लावला नाई म्हणे तू?"

"घाई झाली काका. उन्हाचा तडाखा होता. जाऊ द्या आता."

नर्स पट्टी बदलत होती, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात पाहून घेतले. उजवा तळवा खोलवर भाजला होता. डाव्या हातावर अंगठ्याखाली फक्त एक काळा ठिपका होता. पायाला काहीच नव्हतं.

परत येताना खेमसिंग मनात जुळवत होते : करंट पायातून जमिनीत गेलाच नव्हता; अर्थिंग नसतं, तर तसाच गेला असता. केलेली चूक लपवायला खोटं बोलणारी माणसं त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिली होती. न केलेली चूक अंगावर ओढून घेणारा हा पहिलाच होता.

२

त्या खांबाच्या पायथ्याशी अब्रारची रसवंती होती. लाईट असो-नसो, त्याचा चरक डिझेलच्या इंजिनवर चालायचा. खेमसिंगांनी रस मागवला आणि बाकावर बसले.

"तू होता का सोमवारी?"

"मी कुठं जातो चाचा? इथंच होतो. मोबाईलमध्ये शूटिंग बी हाय."

शूटिंग प्रेमला उतरवतानाचं होतं. खेमसिंगांनी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी चित्र थांबवलं आणि चष्मा पुसला. खांबाच्या डाव्या अंगाला, तारेवर अडकवलेली एक साखळी खाली जमिनीपर्यंत आली होती. अर्थिंगची साखळी. प्रेम म्हणत होता, ती त्यानं लावलीच नाही.

"शॉक बसला तेव्हा काही वेगळं दिसलं का तुले?"

अब्रारनं उसाचं कांडकं चरकात सरकवलं. "हसू नका. थे समोरचं घर हाय नं कुलूपवालं, मालक पुण्याले राह्यते, त्याच्या ओट्यावरचा बल्ब लागला. भर दुपारी. दोन-तीन सेकंद लागला अन् इझला. मंग हा ओरडला का आधी ओरडला, थे ध्यानात नाई. लाईट तं गेलतीच."

खेमसिंगांनी ग्लास खाली ठेवला. या खांबापलीकडे तार चारच घरांना जाते आणि संपते. डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, डाव्या हाताला, चार घरं उजव्या हाताला. वीज जिकडून येते त्या अंगाला साखळी लावायची, हे त्यांनीच प्रेमला शिकवलं होतं, आणि प्रेमनं ते केलं होतं. मग जुना जंपर काढून नवा पिळायला त्यानं हातमोजे उतरवले असणार, कारण मोज्यांनी तार पिळली जात नाही. डाव्या हातात जमिनीला जोडलेली तार, उजव्या हातात घरांकडची. भाजला तो उजवा.

करंट डीपीकडून आलाच नव्हता. तो घरांकडून आला होता. आणि घरं वीज घेतात, देत नाहीत. निदान गच्चीवर काळ्या काचा चढेपर्यंत तरी देत नव्हती.

"त्या चार घरांत सोलर कोणाकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"दोघांकडं. हाफिजभाई अन् इंद्रजीत सर. बॅटरी फक्त हाफिजभाईकडं." अब्रारनं आवाज उतरवला. "सरचं एक सांगतो. सोमवारी लाईट गेलती, तरी त्यायच्या खिडकीतून पंखा फिरताना मी पाह्यला. अन् सर साऱ्यायले सांगते, आपल्याकडं बॅटरी नाई म्हणून."

३

इंद्रजीत सर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. खेमसिंगांना त्यांनी बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"माझ्या पॅनेलचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "लाईन गेली की माझं मशीन आपोआप बंद पडतं. लाईनमनच्या जिवासाठीच तशी सोय असते. माझ्याकडे बॅटरी नाही, म्हणजे लाईन नसताना माझ्या घरात वीजच नाही."

"मंग पंखा कायच्यावर फिरत होता सर?"

सर उठले आणि आतलं दार उघडलं. कोपऱ्यात एक जुनं इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची असावी तशी काळी बॅटरी होती. खेमसिंग गुडघ्यांवर बसले, वायर बोटानं चाचपत शेवटापर्यंत गेले. ती थेट एका पंख्याला जात होती; घरच्या बोर्डाला तिचा स्पर्शही नव्हता. यातून बाहेर काही जाणं शक्य नव्हतं.

"येवढ्यासाठी खोटं बोलले?"

"गच्चीवर मंजुरीपेक्षा दोन पॅनेल जास्त लावलीत," सर खाली बघत म्हणाले. "घरात कोणी तपासायला शिरलं, तर ती पण दिसतील."

खेमसिंग उठले. उंबऱ्यावर सरांनीच त्यांना थांबवलं.

"एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी माझी पाण्याची मोटर एकदा घुर्र करून थांबली. बटण चालूच राहिलं होतं. मला वाटलं, लाईट येऊन गेली."

म्हणजे कुणाच्या तरी घरातली वीज तारेवर आली, सरांच्या मोटरपर्यंत पोचली आणि मोटरचा भार न सोसून दोन-तीन सेकंदांत बंद पडली. ती मोटर बंद असती, तर प्रेम खांबावरच संपला असता. सरांना हे कळत होतं की नाही, कोण जाणे. खेमसिंगांनी त्यांना सांगितलं नाही.

आता बॅटरीचं एकच घर उरलं होतं.

४

हाफिजभाईंचा पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवायचा कारखाना होता. त्यांनी खेमसिंगांना हाताला धरून घरात नेलं आणि सगळं स्वतः दाखवलं. भिंतीवर सुटकेसएवढी पांढरी बॅटरी, तिच्या शेजारी इन्व्हर्टर.

"बिल दर महिन्याले वाढूनच राह्यलं होतं, खेमसिंगभाऊ. त्यात दुपारची लाईट रोज गुल. म्हटलं, एकदाच काय लागते थे लागू द्या, पण ये झंझट खतम करा. दिवसा सूरज भरते, रातभर आपून वापरतो."

खेमसिंगांनी चेंजओव्हर पाहिला. बाहेरची लाईन आणि बॅटरी, दोन्ही एका वेळी जोडल्या जाऊच शकत नाहीत, अशी खटक्याची रचना. काम चोख होतं. या दारानं वीज बाहेर पडणं अशक्य होतं.

"सोमवारचा हिशेब मोबाईलमध्ये दिसते म्हणतात?"

"मले नाई समजत. आरजू, दाखव गं चाचाले."

आरजू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं मोबाईल आणला, पण तो पुढं करायला थोडा वेळ घेतला. पडद्यावर सोमवारच्या दुपारची रेघ होती. बारा वाजल्यापासून घरचा थोडासा भार. सव्वाबाराला तो जरा खाली आला. बारा बेचाळीसला रेघ एकदम उभी चढली आणि तुटली. तिथं तांबडी खूण होती : भार जास्त, मशीन बंद.

"बेचाळीसले काय लावलं होतं बेटा?"

"इस्त्री, चाचा."

"इस्त्री हजार वॅटवर चालते. हे मशीन तीन हजार उचलते. इस्त्रीनं बसत नाई थे."

हाफिजभाईंनी मुलीकडे पाहिलं, मग खेमसिंगांकडे. त्या दुपारी ते स्वतः कारखान्यात होते. आता कुठं त्यांच्या चेहऱ्यावर शंका उतरत होती.

खेमसिंग मागच्या अंगणात गेले. भांडी घासायच्या जागेजवळ भिंतीत एक सॉकेट होतं. त्याच्या बरोबर वर, शेजारच्या घराच्या आणि या घराच्या मधल्या भिंतीच्या माथ्यावर, सायकलच्या ट्यूबचा चिरलेला तुकडा खिळ्यानं बसवला होता. त्यात आता काही नव्हतं. पण काठावर वायर घासून तुटू नये म्हणून अशी ट्यूब चिरून घालायची, हे पुसदमध्ये फार थोड्यांना सुचलं असतं. खेमसिंगांनी ते आपल्या हाताखालच्या माणसांना शिकवलं होतं.

ट्यूब ज्या बाजूला उतरत होती, ते घर संगीताचं होतं. आणि संगीताच्या गच्चीवर पॅनेल नव्हतं, घरात बॅटरी नव्हती, काहीच नव्हतं.

५

संगीता प्रेमच्याच तांड्यातली. नवरा सुरतेला कामाला, घरात ती आणि तिची सासू बसंतीबाई. शाळा उघडायच्या आधीचे हे दिवस गणवेश शिवायचे; ओसरीवर निळ्या कापडाचा ढीग, मोटर लावलेली शिलाई मशीन. बसंतीबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं, बोटंच काम करत होती.

"बसा नं," तीच म्हणाली. "संगीता, चहा ठेव."

"तब्येत बरी हाय नं, बाई?" खेमसिंगांनी विचारलं.

"चालू हाय."

खेमसिंग संगीताच्या मागं स्वयंपाकघरात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन्ही टोकाले पिन असलेली वायर कुठं हाय?"

संगीतानं कपबशी हातातून खाली ठेवली. मग ओट्याखालच्या डब्यातून वायरची गुंडाळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. एरवी वायरीच्या एकाच टोकाला पिन असते. हिच्या दोन्ही टोकांना होती. एक हाफिजभाईंच्या सॉकेटात घालायची, दुसरी आपल्या. मग सगळं घर शेजारच्या बॅटरीवर.

"दुपारी दोन-दोन घंटे लाईट नसते," ती म्हणाली. "शाळेचं काम वेळेवर नाई दिलं, तर पुढच्या वर्षी देत नाईत. आरजू म्हणे, आमची बॅटरी भरलेलीच असते, घे की. प्रेमभाऊनं वायर बनवून देली. बजावून सांगतलं, आधी मेन स्वीच खाली पाडायचा, मंगच वायर लावायची. नाई तं वीज मीटरमधून उलटी तारेवर जाईन. दोन वर्षं झाली, मी एकदा बी चुकली नाई."

"सोमवारी?"

"पाडला होता मेन. देवाची आण."

"बारा बेचाळीसले तू कुठं होती?"

"शाळेत. सव्वाबाराले गठ्ठा घेऊन गेली, दीड वाजता आली. इथं आली तं प्रेमभाऊले नेलं होतं. ओरडा ऐकून आरजूनं तिकडून वायर ओढून घेतली होती, मंग मले आणून देली."

सव्वाबाराला रेघ खाली आली, ती शिलाई मशीन थांबल्यामुळे. ती खरं बोलत होती. मेन खाली पाडून ती गेली, वायर मात्र तशीच राहिली, कारण फ्रीज चालू ठेवायचा होता. आणि सत्तावीस मिनिटांनी कुणीतरी तो मेन वर केला.

स्वयंपाकघराच्या दारातून ओसरी दिसत होती. बसंतीबाईच्या हातातल्या शेंगा कटकट फुटत होत्या. सोमवारी घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"तिले नका सांगू," संगीता पुटपुटली. "पाया पडते तुमच्या."

६

"तू टेस्टर लावला होता," खेमसिंग प्रेमच्या खाटेजवळ बसून म्हणाले. "साखळी बी लावली होती. वायर तू बनवली. आता बाकीचं सांग."

प्रेमनं डोळे मिटले.

"जंपर होत आलता काका. येकच पीळ बाकी होता. याडी दारात आली." याडी म्हणजे आई, तांड्यातले सगळेच बसंतीबाईला तसं म्हणत. "खालून इचारलं, झालं का रे पोरा? मी वरून म्हटलं, झालं याडी, आली समज लाईट. ती आत गेली अन् मेन वर केला. तिले वाटलं, लाईट येऊन राह्यली, मेन चालू पाहिजे. वायर काढायची राह्यली."

"अन् हे तू लपवलं."

"कोणाचं नाव घेऊ? वायर माह्या हातची. झालं म्हणून सांगतलं थे बी मीच. संगीतावर केस होईन, हाफिजभाईवर होईन. अन् याडीले समजलं का तिच्या हातानं झालं, तं ती जेवण सोडून देईन. तिले काहीच माहीत नाई काका."

हा मुलगा खोटं बोलत होता, आणि तरी त्यात खोटं फार थोडं होतं.

७

गुरुवारी दुपारी ते पुन्हा संगीताच्या ओसरीवर गेले. हाफिजभाई आणि आरजू भिंतीपलीकडून आले. पुन्हा चहा झाला. बसंतीबाई खाटेवरच होती. तिच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती, म्हणून तिला कुणी उठवलंही नाही. खेमसिंगांनी आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. उजवा हात भाजला, म्हणून करंट घरांकडून आला. कुलूपबंद घराचा बल्ब लागला, म्हणून तो तारेवरच होता. सरांचं इन्व्हर्टर घरच्या बोर्डाला जोडलेलंच नव्हतं. हाफिजभाईंचा चेंजओव्हर पक्का होता, पण त्यांचं मशीन त्याच मिनिटाला भारानं बसलं. म्हणजे वीज त्यांचीच, वाट मात्र दुसऱ्या घरातून. राहिला मेन.

"मेन मी वर केला असं लिवा," संगीता म्हणाली. "मी शाळेतून लवकर आली म्हणून सांगते."

"शाळेच्या वहीत तुही येळ हाय," खेमसिंग म्हणाले.

"मी केला म्हणते मग," आरजू म्हणाली. "मी भिंतीवरून येत-जात असते. सगळ्यांना माहीत आहे."

हाफिजभाईंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "ऐसा नको बोलू," एवढंच म्हणाले.

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"खोटं कायले लिवता?" बसंतीबाई म्हणाली. "मेन मी वर केला."

संगीता उठून खाटेजवळ आली.

"मले दिसत नाई. बहिरी नाई मी. मेन वर केला अन् भिंतीपलीकडं आरजूचं मशीन टीं टीं कराले लागलं, अन् खांबावरून प्रेम ओरडला. एकाच दमात. मंग आरजू धावत आली, वायर सर्रकन भिंतीवरून गेली. म्हातारी झाली म्हणून येवढं बी समजत नाई का?"

"मंग सांगतलं काहून नाई, याडी?" संगीतानं विचारलं.

"आल्या आल्या तूच म्हणे, याडी तू आत बस, कोणाशी बोलू नको. मी बसली. म्हटलं, कोणी तरी इचारीन. पोलीस येऊन गेला, त्यानं नाई इचारलं. हे आले." तिनं खेमसिंगांच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "रसवाल्याले इचारलं, मास्तरले इचारलं, या पोरीले इचारलं. दोनदा इथं चहा पेले. मले फक्त तब्येत इचारली."

खांबापासून मीटरपर्यंत एकेक तार खेमसिंगांनी तपासली होती, आणि मेनच्या सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाला वगळलं होतं. ती बोलणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं; तिच्याकडं बोलण्यासारखं काही असेल, असंच वाटलं नव्हतं.

"चुकलं माहं, बाई," ते म्हणाले.

"उद्या साहेब किती वाजता येते?"

"अकराले."

"रिक्षा सांगून ठेवा. मले पायी नाई जमत."

शुक्रवारी तिनं जसं घडलं तसं सांगितलं आणि अंगठा दिला. साहेबांनी वायर, शूटिंग आणि हाफिजभाईंच्या मोबाईलमधली रेघ जोडून अहवाल लिहिला. लाईनमननं लाईन तपासली होती आणि अर्थिंग केलं होतं, असं त्यात स्पष्ट आलं. दवाखान्याचा भार प्रेमवर पडला नाही. वायर बनवल्याबद्दल त्याला तीन महिने घरी बसवलं गेलं. हाफिजभाई आणि संगीता, दोघांनाही नोटीस आली. केस झाली नाही. भिंतीच्या माथ्यावरची ट्यूब खेमसिंगांनी स्वतः उपटून काढली, आणि पुढचे पंधरा दिवस दुपारी लाईट गेली की संगीता मशीन आणि गठ्ठा घेऊन हाफिजभाईंच्या ओसरीवर शिवायला बसत राहिली.

एक बोट गेलं, एक राहिलं. पट्टी सुटल्यावर प्रेम पहिल्यांदा आला तो बसंतीबाईकडेच. तो खाटेजवळ खाली बसला. तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि शेंगा चाचपाव्या तशी एकेक बोट चाचपत गेली. रिकाम्या जागी तिची बोटं थांबली.

"दुखते का?"

"नाई याडी."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली.

"दुखते," प्रेम म्हणाला, आणि तिनं हात सोडला नाही.